आवडीनं खाल तरच टिकेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या महिन्यात मी विचारलं होतं की रोजच्या खाण्यात अख्खं, कमी प्रक्रिया केलेलं अन्न आणायला नक्की कुठे अडतं ते लिहून पाठवा. म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, डाळी, कोंड्यासकट धान्य, दाणे, बिया, अंडी, मासे, दूध-दही, असं सगळं जे निसर्गात जसं मिळतं त्याच्या जवळपास तसंच ताटात येतं. पत्रं भरपूर आली आणि एक गोष्ट अगदी ठळक दिसली, की बहुतेकांना काय खायचं ते माहिती आहे, माहितीचा तुटवडा नाहीये, पण ते खाणं एखाद्या शिक्षेसारखं चाललंय. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. त्यामुळे या वेळी उत्तरं देताना चवीबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

प्रश्न : ताई, नोकरीसाठी एकटा राहतो, स्वयंपाक नुकताच शिकतोय. चेकअपमध्ये डॉक्टर म्हणाले भाज्या आणि कडधान्यं वाढव. म्हणून रोज रात्री उकडलेला फ्लॉवर, उकडलेलं गाजर आणि उकडलेले चणे खातोय, वर थोडं मीठ. आता परिस्थिती अशी आहे की भांड्याचं झाकण उघडलं की भूकच मरते. हेल्दी खाणं असंच असतं का? सवय होईल का हळूहळू?

अरे नाही, असं अजिबात नसतं, आणि या चवीची सवय होऊही नये! तू जे करतोयस ते दोन महिन्यांच्या वर कुणीच करू शकणार नाही, मग एक दिवस वैतागून सगळंच सोडून देशील आणि वर स्वतःलाच दोष देशील.

आधी एक सांगते. भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिलं की व्हिटॅमिन सी आणि बी गटातली काही व्हिटॅमिन्स त्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातात, आणि चवीतला बराच भागही जातो. म्हणजे एवढं मन मारून खाल्लंस आणि पदरात पडलं कमीच. तेव्हा उकडणं सोड, भाजायला लाग.

फ्लॉवर घे. धुऊन नीट कोरडा कर, हे महत्त्वाचं आहे, ओला राहिला तर भाजण्याऐवजी वाफेवर शिजतो. तुरे साधारण एकसारख्या आकाराचे कर, एका मोठ्या वाडग्यात चमचा-दीड चमचा तेल, मीठ, मिरपूड घालून हातानं चोळ म्हणजे प्रत्येक तुऱ्याला तेल लागेल. ओव्हन असेल तर २०० डिग्रीवर, ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटवता पसरून, पंचवीस-तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा चांगला तापव, तुरे सपाट बाजूनं ठेव आणि मग हात लावू नकोस! सगळे तिथेच चुकतात, सारखं ढवळत बसतात. चार-पाच मिनिटं तसेच राहू दे, खालून खरपूस तपकिरी झाले की उलट. त्या तपकिरी कडांमध्येच सगळी गंमत आहे, भाजीतली साखर आणि अमिनो आम्लं जास्त उष्णतेवर एकत्र येऊन तिथे नवे वास आणि नव्या चवी तयार होतात, उकळत्या पाण्याचं तापमान १०० डिग्रीच्या वर जातच नाही म्हणून उकडलेल्या भाजीत ते कधीच होत नाही. गाजर, भोपळा, कांदा, सिमला मिरची, सगळ्याला हीच पद्धत चालते.

आणि तेलाला घाबरू नकोस. गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन, हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के, हे सगळं शरीरात शोषलं जायला सोबत थोडी चरबी लागतेच. तेल न घालता केलेल्या भाजीतून ते कमीच मिळतं.

आता चणे. ते पण वाईट नाहीत रे, त्यांना नुसतं एकटं सोडलंयस म्हणून ते तसे लागतात. रात्री भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाक, त्यानं सालं मऊ होतात. सकाळी ते पाणी टाकून दे, नव्या पाण्यात अगदी बोटांनी सहज चुरतील इतके मऊ शिजव, अर्धवट कडक चणे खाल्ले की तोंड पण दुखतं आणि पोट पण. मग तेलात भरपूर कांदा चांगला बदामी होईपर्यंत परत, लसूण घाल, टोमॅटो घाल, चणे घाल, त्यातले मूठभर चमच्यानं ठेचून टाक म्हणजे रस दाट होतो. गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळ. लिंबू शेवटी का, तर उष्णतेनं व्हिटॅमिन सी कमी होतं, आणि दुसरं असं की कडधान्यांतलं लोह शरीराला पटकन घेता येत नाही, सोबत व्हिटॅमिन सी असेल तर ते जास्त चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र जेवणाला लागून नको, तासाभराचं अंतर ठेव, त्यातले घटक लोह अडवतात.

बेचव वाटलं की लगेच वरून मीठ घालू नकोस, आधी काहीतरी आंबट घालून बघ. बऱ्याचदा कमी मीठ नसतं, आंबटपणा नसतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळं धरून. आणि वर काहीतरी कुरकुरीत असू दे, भाजलेले तीळ, सूर्यफुलाच्या बिया, जाडसर कुटलेले शेंगदाणे. मऊ गोष्टींच्या ढिगावर दाताखाली काहीतरी आलं की जेवल्यासारखं वाटतं. एवढं दोन आठवडे करून मला परत लिही, तुझ्या पत्राची खरंच वाट बघते.

प्रश्न : आम्ही घरातले सगळे सकाळी ताज्या फळांचा रस पितो. घरी काढलेला, साखर न घालता. माझी मैत्रीण म्हणते की त्यापेक्षा फळ खा. पण व्हिटॅमिन्स रसातही असतातच ना? मग एवढा फरक काय पडतो?

व्हिटॅमिन्स असतात, तुमचं बरोबर आहे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार, झालेले १२ खलाशी घेतले, दोघादोघांना वेगवेगळे उपाय दिले, आणि ज्या दोघांना संत्री-लिंबं मिळाली ते सगळ्यात लवकर उठून कामाला लागले. पुढे ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रसच द्यायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही आटोक्यात आला, म्हणजे व्हिटॅमिन सी साठी रस पुरतो हे खरंच आहे.

पण आज आपल्यापैकी बहुतेकांना स्कर्व्हीची भीती नाही, प्रश्न पोट भरण्याचा आणि रक्तातल्या साखरेचा आहे. १९७७ मध्ये एक छान साधा प्रयोग झाला होता, दहा लोकांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा सफरचंदाचा गर आणि एकदा रस दिला, प्रत्येक वेळी कर्बोदकं सारखीच. रस पिऊन संपायला जेवढा वेळ लागला त्याच्या ११ पट वेळ अख्खी सफरचंदं खायला लागला! सफरचंद खाल्ल्यावर पोट सगळ्यात जास्त भरल्यासारखं वाटलं, रसानं सगळ्यात कमी. आणि रसानंतर इन्शुलिन जास्त वाढलं, नंतर साखर खालीही जास्त घसरली. सकाळी रस पिऊन निघालं की साडेदहाला पोटात खड्डा पडतो ना, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

फळात साखर पेशींच्या आत बंद असते, चावून चावून ती हळूहळू बाहेर येते. रस काढला की ती मोकळी होते, चोथा बाजूला जातो आणि फायबर त्याच्याबरोबर जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना फळाच्या रसातल्या साखरेला, आणि मधातल्याही, वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते. अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगलं असं ते सांगतात. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम झाले, आणि सफरचंदाच्या रसाच्या २०० मिलीच्या ग्लासातच साधारण २० ग्रॅम साखर असते.

रस आवडतो तर सणासुदीला, पाहुणे आले की जरूर प्या, त्यात काही पाप नाही. रोज मात्र फळ कापून एक मोठी बशी टेबलावर ठेवा. घरात फळ पडून सुकतं आणि रस संपतो, याचं मुख्य कारण म्हणजे फळ कुणी कापत नाही, कापलेलं समोर असलं की येता-जाता सगळे उचलतात.

प्रश्न : घरचं जेवण मी व्यवस्थित पोटभर जेवतो. तरीही संध्याकाळी चिप्स किंवा बिस्किटांचं पॅकेट फोडलं की रिकामं होईपर्यंत हात थांबत नाही. बायको म्हणते तुमचा मनावर ताबाच नाही. वजन वाढत चाललंय. काय करू?

दादा, वहिनींना हे उत्तर नक्की वाचायला द्या, कारण मला हा मनाच्या ताब्याचा मुद्दा अजिबात पटत नाही. मनावर ताबा नसता तर घरच्या जेवणावरही नसता.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांना महिनाभर तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे चिप्स-बिस्किटांसारखं कारखान्यात बनलेलं अन्न, दोन आठवडे जवळपास अख्खं, साधं अन्न, काहींना आधी हे तर काहींना आधी ते. समोर वाढलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर सगळं जुळवलेलं होतं आणि सांगितलं होतं की हवं तेवढं खा. काय झालं, तर अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, दोन आठवड्यांत साधारण ०.९ किलो वाढली, आणि साध्या अन्नावर तेवढीच उतरली. वेगही वेगळा होता, पॅकेटवालं अन्न भरभर खाल्लं जात होतं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढेच आहे. त्या लोकांना जेवण किती आवडलं असं विचारलं तेव्हा दोन्हींना जवळपास सारखेच मार्क मिळाले! म्हणजे साधं अन्न कमी चविष्ट होतं म्हणून लोकांनी कमी खाल्लं असं नाहीच, ते आवडीनं खात होते आणि तरी वेळेवर थांबत होते. हे मी ज्याला-त्याला सांगते कारण चव आणि तब्येत यातलं एकच मिळणार असं आपण उगाच धरून बसलोय.

आता सगळंच पाकीटबंद अन्न वाईट असं नाही. ब्राझीलमधल्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची वर्गवारी प्रक्रियेनुसार करायची कल्पना मांडली, नोव्हा म्हणतात तिला. त्यात फ्रोझन मटार, साधं दही, डाळीचं पाकीट हे एका बाजूला आणि ज्यात घरच्या स्वयंपाकघरात कधी नसणारे घटक असतात, म्हणजे प्रोटीन आयसोलेट (वेगळं काढलेलं प्रोटीन), इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ), कृत्रिम स्वाद वगैरे, ते अतिप्रक्रिया केलेलं अन्न दुसऱ्या टोकाला. पॅकेट मागून वाचलं की साधारण अंदाज येतो.

करायचं काय, तर संध्याकाळी साडेपाच-सहाला तुम्हाला खरी भूक लागते, ती नाकारू नका. तिच्यासाठी खरं अन्न तयार ठेवा. मूठभर बदाम किंवा शेंगदाणे आणि एक फळ, किंवा उकडलेलं अंडं मिरपूड घालून, किंवा दुपारचेच चणे कांदा-लिंबू घालून. बदाम म्हटलं की लोक कॅलरी मोजतात, म्हणून सांगते, २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी मोजून बघितलं तर २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला १२९ च्या आसपास कॅलरी मिळाल्या, हिशेबाच्या पद्धतीनं मात्र १७० यायच्या. कारण चावूनही बदामाच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत, त्यातलं काही तेल तसंच बाहेर पडतं. आणि चिप्स खायचेच असतील त्या दिवशी वाटीत काढून घ्या, पॅकेट परत कपाटात, आणि बसून मजेत खा.

प्रश्न : ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन बिस्किटं, हे घेतलं की अख्खं धान्य पोटात जातं का? दुकानात सगळ्याच पॅकेटांवर गव्हाची लोंबी छापलेली असते.

लोंबीच्या चित्रावर जाऊ नका. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात, बाहेरचा कोंडा, आतला छोटासा अंकुर आणि उरलेला मोठा पिठूळ भाग, जो दाण्याच्या सुमारे ८३ टक्के असतो. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात आणि फायबर, बी व्हिटॅमिन्स, व्हिटॅमिन ई, मॅग्नेशियम, लोह, झिंक यांचा मोठा हिस्सा नेमका त्या काढलेल्या भागांतच असतो.

हे आपल्याला कळलं कसं त्याची गोष्ट मला फार आवडते. १८९० च्या दशकात क्रिस्तियान आयक्मन नावाचे डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं कारण शोधत होते. त्यांच्या कोंबड्या अचानक लुळ्या पडायला लागल्या, आणि काही काळानं आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तर समजलं की लष्करी हॉस्पिटलमधला उरलेला पांढरा, पॉलिश केलेला भात त्यांना घातला जात होता, मग नवीन आचारी आला आणि त्यानं हॉस्पिटलचा तांदूळ कोंबड्यांना द्यायचं नाकारलं, तेव्हा त्या सालासकटच्या तांदळावर आल्या आणि सुधारल्या. जे पॉलिश करताना निघून जात होतं ते म्हणजे थायमिन, व्हिटॅमिन बी वन. आयक्मनना १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

पॅकेटचं म्हणाल तर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे पहिलं नाव बघा. पहिलं नाव मैदा किंवा नुसतंच रिफाइंड गव्हाचं पीठ असेल तर पुढे सात धान्यं लिहिली असली तरी ती बहुधा थोडीच आहेत. ब्राऊन रंग कॅरमेलनंही येतो. मग पोषणाच्या तक्त्यात दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे निदान १ ग्रॅम फायबर आहे का ते बघा, नसेल तर ठेवा परत. आणि मल्टिग्रेन बिस्किट हे शेवटी बिस्किटच असतं, ते बिस्किट म्हणून आवडीनं खा, औषध म्हणून नको.

प्रश्न : कडधान्यं वाढवली आणि पोटात गॅसेसचा नुसता धिंगाणा. ऑफिसमध्ये बसायची पंचाईत होते. माझ्या पोटाला हे झेपत नाही असं समजून सोडून देऊ का?

सोडू नका हो, वेग कमी करा. कडधान्यांत रॅफिनोजसारख्या काही साखरा असतात, त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जीवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. गॅस तिथून येतो. पण तेच जीवाणू फायबरपासून ब्युटिरेट नावाचं आम्लही बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. म्हणजे काम चांगलंच चाललंय, फक्त एकदम खूप काम आलंय.

पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन चमचेच शिजवलेलं कडधान्य घ्या, मग हळूहळू वाढवत तीन-चार आठवड्यांत वाटीभर. सालं काढलेली डाळ आणि मसूर पोटाला हलके जातात, तिथून सुरुवात करा. रात्रभर भिजवा, पाणी फेका, मोड आणता आले तर उत्तम, त्यानं त्या साखरा कमी होतात आणि लोह-झिंक अडवून धरणारं फायटिक आम्लही कमी होतं. पाणी पीत राहा, फायबर वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर बद्धकोष्ठ होतं आणि लोक फायबरला शिव्या देतात. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर हवं, आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात साधारण ८ ग्रॅम असतं, तेव्हा एवढी मेहनत घेण्यासारखी गोष्ट आहे.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. राजमा कधीही अर्धाकच्चा खाऊ नका आणि मंद आचेवर नुसता कोमट शिजवत ठेवू नका. त्यात लेक्टिन नावाचं एक प्रोटीन असतं, त्यानं जोरदार उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळी आणून निदान दहा मिनिटं, आणि मग पुढे पूर्ण मऊ होईपर्यंत. आणि जर गॅसबरोबर वजन आपोआप उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल, रात्री पोट दुखून जाग येत असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. ताटात हिरवं काही दिसलं की ढकलून देते. लपवून, बारीक वाटून घालते मी सगळं. हे योग्य आहे ना?

लपवून घालण्यानं भाजी पोटात जाते, पण तिची भाजीशी ओळख होत नाही. थोडं लपवा हवं तर, पण समोर दिसेल अशीही ठेवा. या वयात नवीन पदार्थाची भीती वाटणं अगदी नॉर्मल आहे, आणि एखादी चव आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते. बहुतेक आईवडील तिसऱ्या-चौथ्या वेळीच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारतात, थकलेले असतात बिचारे.

म्हणून वाटाण्याएवढा तुकडा ठेवा, खा म्हणू नका, कौतुक नको, रागवणं नको, "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" तर अजिबातच नको, त्यानं भाजी ही वाईट गोष्ट आहे हे आपणच शिकवतो. तिच्यासमोर तुम्ही स्वतः ती आवडीनं खा. शेंगा सोलायला, पालेभाजी निवडायला बसवा, मुलं हातानं हाताळलेलं सहज तोंडात टाकतात. कच्चं गाजर पातळ किसून, भाजी खरपूस भाजून, एकच भाजी वेगवेगळ्या रूपात द्या. अख्खे दाणे, बदाम मात्र पाच वर्षांच्या आत नको, घशात अडकतात, कूट करून द्या, आणि द्राक्षं उभी चिरून.

प्रश्न : फ्रोझन भाज्या वापरल्या तर पोषण मिळतं का? आठवड्यात एकदाच बाजार होतो.

मिळतं. तोडणीनंतर लवकरच उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेल्या असतात, त्यामुळे आठ दिवस फ्रिजमध्ये पडून मलूल झालेल्या भाजीपेक्षा कधीकधी बऱ्याच. नुसती भाजीच आहे ना, सॉस-मीठ घातलेलं नाही ना, एवढं बघा. बर्फासकट थेट तापलेल्या तव्यात टाका, आधी वितळवत बसू नका, लगदा होतो. ताज्यातलं आठवड्याच्या सुरुवातीला पालेभाज्या संपवा, शेवटी कोबी, गाजर, भोपळा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. रक्त पातळ करायची गोळी, वॉरफेरिन, चालू आहे. मी कुठेतरी वाचून त्यांना रोज पालक सुरू करणार होते. शिवाय त्यांचं जेवण फार कमी झालंय, काहीच गोड लागत नाही म्हणतात.

बरं झालं आधी विचारलंत. पालक, केल यांसारख्या गडद हिरव्या पालेभाज्यांत रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के खूप असतं, आणि वॉरफेरिन त्याच्याच विरुद्ध काम करतं. एकदम रोज वाटीभर पालक सुरू केला तर गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि अचानक बंद केला तर वाढू शकतो. याचा अर्थ पालेभाजी वर्ज्य असा नाही, प्रमाण आठवड्यामागून आठवडा साधारण सारखं ठेवायचं, आणि बदल करायचा असेल तर डॉक्टरांना सांगून, म्हणजे ते रक्ताची तपासणी बघून डोस ठरवतील. किडनीचा काही त्रास असेल तर पोटॅशियमचाही प्रश्न येतो, मग केळी, बटाटा, टोमॅटो, कडधान्यं यांचं प्रमाणही विचारूनच.

पण खरी काळजी मला तुमच्या दुसऱ्या वाक्याची वाटली. वयाबरोबर वास आणि चव दोन्ही मंद होतात, काही औषधांनीही तोंडाची चव जाते, जेवण कमी होतं, आणि त्यात प्रोटीन कमी पडलं की स्नायू झिजतात, मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागतो. त्यांच्या वयात, किडनी ठीक असेल तर, वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन रोज हवं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घ्या. सगळं एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळेला थोडं थोडं द्या, सकाळी अंडं किंवा दूध-दही, दुपारी दाट डाळ, रात्री मासा किंवा पुन्हा मऊ शिजवलेलं कडधान्य, जे ते खात असतील ते.

आणि चव वाढवा! म्हातारपणी पथ्याच्या नावाखाली आपण त्यांना सगळं फिकं, मऊ, पांढरं देतो आणि मग म्हणतो की जेवत नाहीत. मीठ न वाढवता लसूण, आलं, लिंबू, मिरी, ताजी कोथिंबीर, भाजलेला कांदा यांचा हात सैल सोडा. जेवण गरम असताना वाढा, गरम पदार्थाचा वास जास्त येतो. दात नीट बसतात का तेही एकदा बघा, कवळी टोचते म्हणून माणसं आधी दाणे सोडतात, मग फळं, मग भाज्या, आणि सांगत मात्र कुणालाच नाहीत. आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्याबरोबर बसून जेवा, एकट्यानं जेवताना घास कमीच जातात.

पुढच्या तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या, त्यात आयुर्वेदिक-होमिओपॅथीची, सप्लिमेंटची पण लिहा, आणि आठवडाभर त्यांनी खरोखर किती आणि काय खाल्लं तो कागद सोबत न्या. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं धरून चालू नका.